पेजेनं उभे केलेले केस

ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. रसायनीच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. नट-बोल्ट द्यायचे आणि सही घ्यायची, एवढंच काम. नवं मशीन बसवायला एक जपानी इंजिनीअर आला होता. हवा तो पार्ट तो कागदावर चित्र काढून दाखवायचा, मी शोधून द्यायचो. आमची ओळख तेवढीच. तरी परत जाताना त्यानं माझ्या हातात एक कॅसेट आणि एक मासिक ठेवलं. का, ते त्यालाच ठाऊक.

मासिकात त्यांच्याकडच्या गाणाऱ्या बाप्यांचे फोटो होते. डोळ्यांत काजळ, ओठ लालभडक, केस वीतभर वर उभे, अंगात झालरीचे काळे कपडे. कॅसेटमधला गिटारचा गोंगाट आधी मलाही झेपेना. आठवड्याभरात मात्र तो थांबला की घर रिकामं वाटायला लागलं. त्या बाप्यांना नटायची लाज नव्हती. मला त्यांचा हेवा वाटायचा.

सांगायचं कुणाला? कारखान्यातल्या मित्राला कॅसेट ऐकवली, तर म्हणाला, "भांड्यांची फळी पडली काय रं?" पुन्हा कुणाला ऐकवली नाही. दार लावून, आवाज बारीक करून ऐकायचो. तसलं गाणं बारीक आवाजात ऐकणं म्हणजे उपासाच्या दिवशी भज्यांचा वास घेणं.

मग शिमगा आला. आमच्या गावात धुळवडीला बाप्ये सोंगं काढतात. त्या एका दिवशी पुरुषानं तोंड रंगवलं तरी कुणी काही म्हणत नाही. मी संधी साधली. तांदळाची दाट पेज केसांना चोपडली आणि उन्हात बसलो. केस ताठ उभे राहिले. आईच्या डबीतलं काजळ घेतलं, खोबरेलात कुंकू कालवून ओठांना लावलं, मोडक्या छत्रीचं काळं कापड खांद्यावर टाकलं. आरशात पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा मी मला आवडलो.

गावानं मला डोक्यावर घेतलं. "पूतना मावशी आली रं!" म्हणत ढोलवाल्यांनी मला पुढं काढलं. आई तर हसून हसून ओट्यावरच बसली. शेजारणींना हाका मारमारून दाखवत होती, "बगा गं, माज्या पोराचं सोंग! सगल्यांत भारी हाय!" मी नाचलो, खूप नाचलो. सगळे माझ्याकडेच बघत होते आणि मी खरा कोण हे एकालाही कळत नव्हतं. भरल्या गावात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

ऊन उतरलं तसे बाकीचे विहिरीवर तोंडं धुवायला गेले. मी घरी आलो. आई अजून खुशीत होती. "धू की रं आता," म्हणाली. वाटलं, निदान हिला तरी सांगावं. मासिक आणून तिच्यापुढं उघडलं.

"आये, ह्ये सोंग नाय. मला असंच ऱ्हायला आवडतं."

तिनं फोटो पाहिले. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग माझ्याकडं पाहिलं. दिवसभराचं हसू तोंडावरून पार उतरलं होतं. ती उठली आणि आधी तिनं दार लोटलं.

"कुनी बगायच्या आत धू," म्हणाली.

मी मोरीत बसलो. ती तांब्यानं माझ्या डोक्यावर पाणी ओतत राहिली.