मार्कोकाकांचे चार वेल

आमचे मार्कोकाका परवा गेले. त्यांच्या मुलीने आज कुंपणापाशी येऊन सांगितलं.

इथे परदेशात, पापाकुरा उपनगरातले हे आमचे इटालियन शेजारी. बारोलो ही त्यांच्याकडची दमदार, तुरट रेड वाइन ज्या नेबिओलो द्राक्षांची होते, त्यांचे चार वेल त्यांनी परसात लावले होते.

पहिल्या वर्षी त्यांनी डबाभर द्राक्षं दिली आणि आईने त्यांचं चक्क लोणचं घातलं! काकांनी कपाळावर हात मारला. "गावाकडे कळलं तर मला वेशीतून आत घेणार नाहीत!" पण नंतर दर वर्षी तेच लोणचं मागून न्यायचे.

आज मुलीने आमचा डबा धुऊन परत दिला. आई पुटपुटली, "त्यांनी कधी रिकामा पाठवला नव्हता हो."

घर विकायचंय, त्याआधी वेल काढणार आहेत. रविवारी आई एक फांदी आणून आमच्या अंगणात लावणार आहे. जगेल ना हो?