पेंटियम गेला केबिनमध्ये

मंडळी, डोकं अजून ठिकाणावर नाही, म्हणून घरी आल्या आल्या हे आपल्या ईमेल ग्रुपवर टाकतोय.

आमचं तुर्भ्याचं ऑफिस परदेशात माल पाठवायचं काम करतं. कंटेनरच्या याद्या आमची ऑपरेटर नसीमा बनवते, तेही जुनाट ४८६ कॉम्प्युटरवर. तो मध्येच हँग होतो आणि बंदराच्या वाटेवर जासईला ट्रक ताटकळत राहतात. म्हणून मी साहेबांच्या मागे लागून नवा पेंटियम मंजूर करून घेतला. दुकानदार स्वस्तातला प्रोसेसर गळ्यात मारत होता, तरी हटलो नाही.

आज मशीन आलं आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेलं! मी धावलोच. "साहेब, हा नसीमासाठी घेतलाय."

मी जणू त्यांची खुर्चीच मागितली, असे बघायला लागले. "ऑपरेटरकडे पेंटियम आणि माझ्याकडे जुना डबा? पार्टी आली तर काय म्हणेल?"

अहो, त्यांची पत्रंसुद्धा नसीमाच टाइप करते!

दुपारी तिचा ४८६ पुन्हा हँग झाला. यादी वेळेत गेली नाही, ट्रक बंदराच्या गेटवरच अडकला, माल बोटीवर चढला नाही. नसीमा यादी पहिल्यापासून टाइप करायला बसली.

मी सांगायला केबिनमध्ये गेलो. साहेब स्क्रीनवर पत्ते खेळत होते. खूश होऊन म्हणाले, "बरं झालं तू भारीतला घ्यायला लावलास. पत्ते काय झपाझप पडतात रे!"

तुमच्याकडे प्रोसेसर काम बघून घेतात, की खुर्ची बघून?