टँकमधली तिसरी लाट

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. निपाणीला लहानपणी कुणी असलं काही सांगायला लागलं की मी उठून जायचे. आजही कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये... राग जात नाही, म्हणून लिहितेय.

बेंगळुरूत यशवंतपूरच्या पुढे आमची लॅब. तिथे खोलीभर चौकोनी टँक, कमरेइतकं पाणी. लगतच्या दोन बाजूंना मोटरवर हलणाऱ्या फळ्या. एक सरळ लाट पाठवते, दुसरी आडवी. दोन्हींच्या वेगांचं ठरावीक प्रमाण अचूक जुळलं, तर त्या एकमेकींतून जाताना तिरकी अशी तिसरी लाट तयार होते — कुठल्याच फळीने न पाठवलेली. ती आमच्या टँकमध्ये मिळवायला वैदेहीने दोन वर्षं घालवली.

वैदेही माझी ज्युनिअर. जयनगरची, घरात पिढ्यानपिढ्या मराठी, पण बोलण्यात निम्मं कन्नड. "अक्का, स्वल्प थांब, आत्ता दिसेल बघ," म्हणत मला जेवायला जाऊ द्यायची नाही. गेल्या वर्षी डेंग्यूने गेली.

त्यानंतर सरांनी, म्हणजे आमच्या गाइडनी, तिचा पेपर छापायला पाठवला. त्यात तिचं नाव नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "आता तिला काय उपयोग? जिवंत माणसांचं करिअर बघायचं असतं."

त्याच आठवड्यात तिचे वडील तिचा डबा आणि स्वेटर न्यायला आले. "तिचं ते छापून येणार होतं ना, आलं का ग?" मी डबा पिशवीत घालून त्यांच्या हातात दिला.

मग एका सकाळी पाहुणे आले. सर टँकपाशी उभे राहून सांगू लागले, "ही लाट इथे मी पहिल्यांदा मिळवली." फळ्या मी चालू करायच्या होत्या. मी मेन स्विचच बंद केला.

"हे काम वैदेहीचं आहे, सर. तिचं नाव घ्या."

सर पाहुण्यांकडे बघून हसले. "हिची मैत्रीण होती. जरा इमोशनल झालीय."

तेवढ्यात पाणी हललं. फळ्या जागच्या जागी होत्या. आधी बारीक सुरकुत्या, मग स्पष्ट, एकामागून एक... तिरकी लाट. सरळ नाही, आडवी नाही — फक्त तिसरी. एका पाहुण्याने वाकून मोटरला हात लावला. "ही तर थंड आहे," तो म्हणाला.

"आधीचं पाणी हेलकावतंय," सर म्हणाले. पण टँक आदल्या दिवसापासून बंद होता, आणि हेलकावे असे एकाच दिशेने चालत नाहीत. टँकमधल्या बॅटरीवर चालणाऱ्या सेन्सरनी सगळं रेकॉर्ड केलं. पाहुणे गेल्यावर सर एवढंच म्हणाले, "डिलीट कर."

मी केलं नाही. नंतर मी रस्त्यावरचे ट्रक, पंप, जमिनीची थरथर, सगळं तपासलं. कशानेच ती लाट पुन्हा आली नाही. पेपर तसाच छापून आला. मी गाइड बदलला आणि जयनगरला जाऊन तिच्या वडिलांना खरं काय ते सांगितलं.  ते कन्नडमध्ये "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि आत गेले.

लाट कुठून आली, मला आजही माहीत नाही. तिचं नाव कुठे गेलं, ते माहीत आहे.