मावशींचा डूख

"मी इसरत न्हाई," एवढंच म्हणून मावशी पदराने ओठ पुसायच्या आणि शेळ्यांकडे वळायच्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. पण ज्याच्याबद्दल हे वाक्य निघालं, त्याने सावध राहावं.

जावेने कधीकाळी बारशात त्यांची ओटी भरायची टाळली होती. पुढे त्याच जावेच्या लेकीच्या लग्नात मावशी सगळ्यांच्या आधी हजर झाल्या, राबल्या, पंगती वाढल्या आणि स्वतः पाण्याचा घोटही न घेता घरी आल्या. अख्खा गाव जावेला कारण विचारत बसला. डूख धरावा तर असा!

मी लातूरकडचा. हिंजवडीतल्या नोकरीसाठी कासारसाईत खोली घेतली, ती नेमकी मावशींच्या गोठ्यासमोर. वरिष्ठांवरचा राग गिळायचा आणि पित्ताची गोळी घ्यायची ही माझी रीत, त्यामुळे मावशी मला फार आवडायच्या.

धरणाकडेच्या बंगल्यात शनिवार-रविवारी पुण्याचे एक साहेब यायचे. मावशींकडची करवंदं, ताक, भाकरी सगळं हक्काने खायचे. निघताना गाडीची काच खाली करून न चुकता म्हणायचे, "पुण्याला आलात की घरी याच हं!" हे आमंत्रण नसतं, निरोप असतो, हे तुम्हाआम्हाला कळतं.

गेल्या उन्हाळ्यात मावशींची आठ वर्षांची नात बंगल्याच्या बागेतल्या झोपाळ्यावर जाऊन बसली. साहेबांनी पाहुण्यांदेखत तिला उतरवलं आणि तिच्यासमोरच माळ्याकडून फळी ओल्या फडक्याने पुसून घेतली. त्या दिवसापासून पोर नळावर जाऊन धुतलेलाच फ्रॉक पुन्हा धुवायला लागली. "आज्जे, मी घाण हाय का गं?" असं तिने विचारलं, तेव्हा मी दूध घ्यायला तिथेच उभा होतो. मावशींनी ओठ पुसले.

पुढच्या आठवड्यात मला म्हणाल्या, "रविवारी पोरीला पुनं दाखवायचंय. तुमची गाडी काडा."

पोरीचे आजोबा पांढरी टोपी घालून पुढे बसले. प्राणिसंग्रहालय झालं, उसाचा रस झाला. वाघ झोपलेला होता म्हणून आजोबा तिथल्या रखवालदारावर उखडले. मग मावशी म्हणाल्या, "आता पावन्यांकडं."

"मावशी, ते नुसतं म्हणायचं असतं."

"मग आपुन नुसतं जायाचं."

साहेबांच्या दिवाणखान्यात त्यांच्या मुलाला सांगून आलेल्या मुलीकडची माणसं बसली होती. त्यामुळे साहेबांना हसून 'या' म्हणावंच लागलं. खिडकीशी पितळी कड्यांचा झोपाळा होता. नात अंग चोरून दाराशीच उभी राहिली. मावशींनी तांब्याभर पाणी मागितलं, पदराचं टोक त्यात भिजवलं आणि सगळ्यांदेखत झोपाळ्याची फळी या कडेपासून त्या कडेपर्यंत पुसून काढली.

"अहो मावशी, स्वच्छ आहे ते," साहेब म्हणाले.

"असंल. पर कोन कोन बसून गेलं असंल, काय ठावं? आमची पोर सोच्छ हाय." मग पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, "रीत साहेबांचीच हाय बरं का. बंगल्यावर आमच्या नातीला त्येंनीच दावली."

मुलीच्या आईने साहेबांकडे पाहिलं. साहेब चहाच्या कपात पाहू लागले. माझ्या पोटात जे गारगार वाटलं, ते कुठल्या गोळीने कधी वाटलं नव्हतं. मावशी मात्र साहेबांकडे बघतही नव्हत्या. नातीला फळीवर बसवून, "पाय लांब कर, बाय," म्हणत झोके देत होत्या. पोर आधी अवघडून बसली होती, मग खुदकन हसली. फ्रॉक पुन्हापुन्हा धुणं त्या दिवसापासून थांबलं.

दिवाळीनंतर मावशी झोपेतच गेल्या. दहाव्याला धरणाच्या काठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. शेळ्या विकणार नाही, असा आजोबांनी शब्द दिला. पोरीला भरपूर शिकवीन, असं मावशींच्या मुलाने सांगितलं. मीही हात जोडून काहीतरी पुटपुटलो. कावळे झाडावरून नुसते बघत होते. ऊन चढलं, भटजी चुळबुळ करू लागले. शेवटी नात बापाचा हात सोडून पुढे झाली.

"आज्जे, त्या बंगल्यावाल्यानं माजी माफी मागितल्याबिगर मी त्याला सोडनार न्हाई."

एक कावळा फांदीवरून उतरला आणि थेट भातावर बसला.