दहाव्यानंतर आलेले केस

"उत्तरेश्वरला सावली मानवली बघा. उन्हात राबणं न्हाय, मग केस पांढरं व्हतील कशानं?" शेजारचे हरिबा ओट्यावर बसून असं म्हणत, आणि नळदुर्गच्या आमच्या गल्लीतले लोक माना डोलवत. टाळेबंदीत तो पुण्याहून परतला, आजारी वडिलांसाठी इथंच राहिला आणि पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरूनच करू लागला. वय त्रेपन्न, केस मात्र काळेभोर.

तो केसांना रंग लावतो, हे घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. पुण्यात वयानं मोठे सहकारी एकेक करून बाजूला सारले जाताना त्यानं पाहिले होते. कंपनीच्या नोंदीत त्याची जन्मतारीख होतीच. पण रोजच्या व्हिडिओ बैठकीत ती कुणाला दिसत नसे.

पौषात वडील वारले. दहाव्याला त्यानं रीतीप्रमाणं डोकं आणि मिशी उतरवली. वर्षश्राद्धापर्यंत केसांना रंग लावायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. नवे केस आले ते पांढरेशुभ्र.

"चुना लावला का रं डोक्याला?" हरिबांनी विचारलं. सगळे हसले, तोही हसला.

पुण्यात मात्र कुणी हसलं नाही. त्याची टीम लीड सृष्टी, त्याच्या मुलीच्या वयाची, आजवर त्याला नावानं हाक मारत असे. आता तो एकाएकी 'काका' झाला. साध्या गोष्टीही ती त्याला सावकाश, मोठ्यानं समजावू लागली.

मी भेटायला गेलो, त्या दिवशी नव्या प्रकल्पातली माणसं ठरायची होती. त्यात नाव आलं नाही, तर त्याच्या वाट्याला राहणार होती ती लवकरच बंद पडणारी जुनी प्रणाली. तिच्यासोबत नोकरीही गेली असती. बैठक संपल्यावर सृष्टीनं त्याला थांबवून घेतलं.

"काका, नव्या कामात सगळं एआय आहे. तुम्हाला झेपेल ना?"

"त्याची मांडणी मीच केलीय. वडील जायच्या आधी तुम्हीच मंजूर केलीत."

"हो, पण तेव्हा..." ती अडखळली. मग अगदी आपुलकीनं म्हणाली, "एक करा ना. पुढच्या बैठकीला केस रंगवून बसा. क्लायंटला टीम तरुण दिसायला हवीय. मग मला तुमचं नाव घालता येईल."

मी कॅमेऱ्याबाहेर, त्याच्या बाजूला बसलो होतो. मीही शहरात नोकरी करतो, तिथल्या पुष्कळ गोष्टी सवयीच्या झाल्या आहेत. पण असं काही इतक्या मायेनं सुचवता येतं, हे मी प्रथमच ऐकत होतो. बोलणाऱ्या मुलीला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं.

दारात उभ्या असलेल्या धुरपदाबाई, त्याच्या आई, हळूच म्हणाल्या, "लाव बाबा रंग. तुझं आबा रागवायचं न्हाईत."

उत्तरेश्वरनं आईकडं पाहिलं, मग लॅपटॉपकडं वळला.

"रंग लावणार नाही. वयामुळं काढताय, तर तसं स्पष्ट लिहून पाठवा."