खोकला कापलेली टेप

अण्णा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी स्टेशनाजवळचा कॅसेटवाला हार घेऊन आमच्या दारात आला. रुमालाने डोळे टिपत म्हणाला, "ताई, माणूस नव्हता, खजिना होता." मी तो हार त्याच्याच हातात परत ठेवला. म्हटलं, "खजिना तर तुम्ही आधीच नेलात. आता काय न्यायला आलात?" बायकांनी मला दंडाला धरून आत ओढलं. मयताच्या घरात असं बोलू नये म्हणे... याला आता दीड महिना होत आला. राग हळूहळू निवतो, असं सगळे सांगतात. माझा निवलेला नाही, आणि निवावा असं मला वाटतही नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. दुष्काळात बीडकडचं गाव सोडून आम्ही पिंपरीला आलो तेव्हा तो एका फाउंड्रीत वाळूचे साचे भरायच्या कामाला लागला, आणि त्याच्या त्या काळ्या वाळूवर मी शिकून शिक्षिका झाले. शिफ्ट सुटून घरी आला की त्याचे फक्त डोळे ओळखू यायचे. पण एप्रिलात जयंतीचे दिवस आले की हाच माणूस इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून संध्याकाळी बाहेर पडायचा. वस्त्यावस्त्यांत गायन पार्ट्या उतरायच्या, दोन पार्ट्यांचे सामने रंगायचे. आखातातून परतलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून मिळालेला टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन अण्णा स्टेजच्या अगदी पुढ्यात बसायचा. पुढे त्याची ओळखच ती झाली. नांदेडचा एक रेल्वेवाला, कल्याणचा एक गिरणी कामगार, नगरचे एक मास्तर, अशी माणसं पिशवीतून टेपा घेऊन आमच्या घरी यायची. टेप द्यायची आणि टेप न्यायची. अण्णाची अट एकच, विकायची नाही आणि मधलं काही कापायचं नाही. गाण्याच्या मध्येच माइकवरून कुणी ओरडायचं, हरवलेलं पोर स्टेजपाशी रडतंय, आईनं घेऊन जावं. तेही तसंच ठेवायचं.

"अहो, निदान हे तरी काढा की मधलं," वहिनी वैतागून म्हणायची.

"गाणं कुणीबी म्हणंल. आलेली माणसं पुन्हा कुठनं आणशील?" अण्णा म्हणायचा.

एकदा कंपनीत नवं मशीन बसवायला एक परदेशी फिटर आला होता. त्यानं अण्णाकडून सामन्याची एक टेप मागून घेतली आणि बदल्यात आपली दिली, कुठल्याशा बेटावरच्या काळ्या गायकांच्या जलशाची. या गाण्याला रेगे म्हणतात, असं अण्णानं सांगितल्यावर वहिनी म्हणाली, "रेगे? म्हणजे बँकेतल्या रेगेसाहेबांच्यातले का कुणी?" आम्ही पोट धरून हसलो. अण्णाला त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण सुट्टीच्या दिवशी ती टेप तो हमखास लावायचा. गाण्यापेक्षा समोरच्या गर्दीचा ओरडा कान देऊन ऐकायचा. "आपल्यावानीच हायती," म्हणायचा. "लई सोसल्याबिगर माणूस असा ओरडत न्हाई."

त्याच्याकडच्या सगळ्या टेपांत एक मात्र वेगळी होती. फाउंड्रीच्या गेटवर संप चालू असताना सुगंधाबाई आपली पार्टी घेऊन आल्या होत्या. बाई औरंगाबादकडच्या. आवाज असा, की माइक बंद पडला तरी अडत नसे. त्या दिवशी गाता गाता त्यांनी छातीच्या दुखण्यानं गेलेल्या कामगारांची नावं घ्यायला सुरुवात केली. समोर बसलेले लोक एकेक नाव ओरडून सांगत होते आणि बाई ते जागच्या जागी गाण्यात गुंफत होत्या. अण्णाशेजारी त्याचा जोडीदार किसन बसला होता. तो सारखा खोकत होता, आणि तो खोकला सबंध टेपभर आहे. वर्षाच्या आत किसनही गेला. त्याची बायको अधूनमधून ती टेप ऐकायला आमच्याकडे यायची. गाणं चालू असताना गप्प बसायची आणि खोकला आला की पदर तोंडाला लावायची.

पुढं अण्णाला तेच दुखणं लागलं. कंपनीच्या डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं, बिडी सोडा. अण्णानं जन्मात बिडी ओढली नव्हती! मी तावातावानं भांडायला निघाले, तर तोच मला म्हणाला, "जाऊ दे, माये." हे त्याचं "जाऊ दे" मला कधीच सोसलं नाही. तो अंथरुणाला खिळल्यावर कॅसेटवाला रोज यायला लागला. मोसंबी आणायचा, पाय चेपायचा. टेपा जुन्या झाल्यात, बुरशी धरतील, नव्या चांगल्या टेपांवर उतरवून देतो, म्हणाला. अण्णानं सगळ्या टेपा खोक्यात भरून दिल्या. मी नको म्हणत होते. तर म्हणाला, "माणसावर भरोसा ठेवावा."

त्यानंतर बरेच दिवस कॅसेटवाला फिरकला नाही. मग नांदेडचे रेल्वेवाले आजाऱ्याला भेटायला आले. येताना भेट म्हणून एक नवी कोरी कॅसेट घेऊन आले, बाजारात मिळाली म्हणून. वेष्टनावर कुण्या गोऱ्यागोमट्या मुलीचा फोटो. आम्ही लावली. सुगंधाबाईंचाच आवाज! मागं नवा बँजो जोडलेला. लोकांचा ओरडा गायब. मेलेल्यांची नावं गायब. गाणं चार मिनिटांत संपलं.

अण्णा उशीवर उठून बसला. "किसन्याचा खोकला कुठं गेला?"

रेल्वेवाल्यांनी टेप बंद केली.

मी दुपारीच दुकानात जाऊन उभी राहिले. कॅसेटवाला म्हणाला, "गाणी साफ केली, ताई. खोकला कोण विकत घेणार?" मूळ टेपा मागितल्या, तर त्यांवर त्यानं सिनेमाची गाणी भरून टाकली होती. कोरी टेप महाग झालीय, असं मलाच समजावून सांगत होता! परत येऊन सगळं अण्णाला सांगितलं. तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "लोकांपर्यंत गाणं तर पोचलं न्हवं..." त्यानंतर त्यानं टेपरेकॉर्डरला हात लावला नाही. महिनाभरात गेला. मला कॅसेटवाल्याचा राग आहे, त्या डॉक्टरचा आहे. आणि खरं सांगते, अण्णाचाही आहे. त्याच्या चांगुलपणावर सगळ्यांनी हात धुऊन घेतले आणि तो घेऊ देत राहिला.

गेल्या गुरुवारी, कंपन्यांच्या सुट्टीच्या दिवशी, सुगंधाबाई भेटायला आल्या. थकल्यात आता, काठी टेकत आल्या. फाउंड्रीतली चारसहा माणसं आणि किसनची बायको आधीच येऊन बसली होती. पाणी पिऊन झाल्यावर बाईंनी मला विचारलं, "नावं कापली म्हंत्यात. खरं हाय का?"

"खरं आहे," मी म्हटलं.

गाण्याइतका दम आता उरलेला नाही, बाई म्हणाल्या. मग डोळे मिटून त्या नुसत्या बोलायला लागल्या, एकेक नाव, सावकाश. त्यांनी पहिलं नाव घेतलं आणि वहिनी उठली. आमच्याकडं कुणी गायला-बोलायला लागलं की पंख्याची घरघर टेपेत येऊ नये म्हणून अण्णा तिला डोळ्यांनी खुणवायचा. वहिनीनं जाऊन पंखा बंद केला. टेप कुठं चालू नव्हती. खुणवणाराही नव्हता. एवढ्या उकाड्यात आम्ही सगळे घामानं निथळत बसलो, आणि पंखा लावा, असं कुणीही म्हटलं नाही.