प्रभारी अध्यक्ष, मुक्काम हिंगणी

नियम हा शब्द माझ्या साडभाऊंइतका मनावर घेतलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, आणि हे मी सारी उमर सरकारी कचेरीत काढून सांगतो आहे. सेलूच्या पंचायत समितीत मी कारकून म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. नियम कसा वाचायचा, कसा वाकवायचा आणि वेळ पडली तर फायलीत कसा निजवायचा, हे आमच्या हाडात मुरलेलं. साडभाऊंना मात्र वाकलेला नियम दिसला की पाठीत चमक भरल्यासारखं व्हायचं. ते जागेवरून हलत नसत, दुसऱ्यालाही हलू देत नसत.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी वर्ध्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि उरलेल्या वेळात गवत पाहिलं. हिंगणीला त्यांचं घर आहे. तिथून बोरच्या जंगलाकडे जाताना जी बरड जमीन लागते, तिच्यावर उन्हाळ्यातही कोणतं गवत जीव धरून राहतं आणि का, यावर त्यांनी तीस-पस्तीस वर्षं काढली. आपल्याकडे कोणी विचारलं नाही, पण परदेशात त्यांचं लिखाण वाचलं गेलं आणि एका आंतरराष्ट्रीय विज्ञान अकादमीनं त्यांना सभासद करून घेतलं. पन्नासेक देशांतले शास्त्रज्ञ तिचे सभासद. युरोपातल्या एका शहरात कचेरी, एक अध्यक्ष, एक उपाध्यक्ष, कार्यकारी मंडळ आणि एक जाडजूड घटना. बाकीचे सभासद एकमेकांचे शोधनिबंध वाचत, साडभाऊंनी घटना वाचली. पहिल्या पानापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत ती वाचलेला माणूस निघाला, या आश्चर्यातच अकादमीनं त्यांना आधी नियम समितीवर घेतलं, मग त्या समितीचं प्रमुख केलं, आणि पुढे उपाध्यक्षही.

घरात काय, जगात काय, त्यांची रीत एकच. माझ्या मुलीसाठी एक स्थळ आलं होतं तेव्हाची गोष्ट. पाहुणे बैठकीत बसलेले, देण्याघेण्याचं नाही पण तारखेचं बोलणं सुरू झालेलं, आणि साडभाऊंनी एकदम विचारलं की पोरगी कुठे आहे. पोरगी आत पोहे करत होती. "जिच्याबद्दल ठराव चालला, ते सभेत नाई," असं ते म्हणाले, आणि तिला बाहेर आणून खुर्चीवर बसवेपर्यंत त्यांनी चहाला हात लावला नाही. मुलीनं दोन मिनिटांत नाही म्हटलं आणि बैठक संपली. माझी बायको महिनाभर आपल्या भाऊजींशी बोलत नव्हती. मुलगी मात्र आजही राखी बांधावी तशा निष्ठेनं दर दिवाळीला आधी त्यांच्या पाया पडते, मग आमच्या.

गावातल्या पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष वर्षानुवर्षं निवडणुकीशिवाय चालू होते. माणूस भला, काम चोख, कोणाची तक्रार नाही. साडभाऊंनी आमसभेत उभं राहून सांगितलं की यांची मुदत केव्हाच संपली. अध्यक्षांनी रामराम बंद केला. अखेर निवडणूक झाली, तेच गृहस्थ पुन्हा निवडून आले आणि पहिला हार साडभाऊंनी घातला. म्हणाले, "आता तुम्ही खरे अध्यक्ष झाले. आतापावतर नुसते बसून होते." अध्यक्षांना हसावं की रडावं कळेना, पण रामराम पुन्हा सुरू झाला.

हिंगणीला वीज आणि इंटरनेट यांचा मेळ क्वचितच बसायचा, म्हणून अकादमीच्या ऑनलाइन बैठकांसाठी ते एसटीनं सेलूला माझ्याकडे येत. पडद्यावर माणूस छातीपर्यंतच दिसतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं. पण ते पूर्ण सूट, मोजे, बूट घालूनच बसत, कारण अर्धवट हजर राहणं त्यांना मान्य नव्हतं. मे महिन्यातही कूलर बंद, कारण त्याचा आवाज सभेत जातो. सोबत आलेली ताई, म्हणजे त्यांची बायको, दर पंधरा मिनिटांनी मागून येऊन त्यांच्या मानेवर ओला रुमाल ठेवून जायची. एकदा तिचा हात पडद्यावर दिसला. साडभाऊंनी लगेच सभेला कळवलं की ही व्यक्ती सभासद नाही, तिला मतदानाचा हक्क नाही. जगभरचे शास्त्रज्ञ हसले. सगळ्यात मोठ्यानं अध्यक्ष हसले.

हे अध्यक्ष पोर्तुगालचे. समुद्रातल्या शेवाळावर आयुष्य घालवलेला उंच, किंचित वाकलेला माणूस. साडभाऊंचं नाव अकादमीत त्यांनीच सुचवलं होतं. एका हिवाळ्यात नागपूरची परिषद आटोपून ते बायकोसह चार दिवस हिंगणीला येऊन राहिले. दोघी बायका एकमेकींचा एक शब्द न कळता अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या. हे दोघे बरडावर पालथे पडून भिंगातून गवत पाहायचे. एका गुराख्यानं जवळ येऊन विचारलं, "सर, काय हरपलं?" साडभाऊ म्हणाले, "हरपलं नाई बापा, सापडलं." त्याचं इंग्रजी करून सांगितल्यावर पाहुणा कितीतरी वेळ गवतातच हसत पडून होता.

पुढे दोन वर्षांनी त्या पोर्तुगीज बाई वारल्या. मुलगी ब्राझीलमध्ये. त्या माणसाला घर असं उरलं नाही, अकादमी हेच घर झालं. रविवारी दुपारी त्यांचा फोन यायचा. तासभर शेवाळ, गवत, घटना आणि अधूनमधून त्या तुरीच्या शेंगा. साडभाऊंना सख्खा भाऊ नाही. पण रविवारी दुपारी ते जसे फोनजवळ बसत, तसं मी माझ्या सख्ख्या भावासाठीही कधी बसलो नाही.

मग तो प्रश्न आला. अकादमीच्या घटनेप्रमाणे कोणालाही दोनच कार्यकाळ अध्यक्ष राहता येत होतं. पोर्तुगालच्या गृहस्थांनी आधी कोणाच्या तरी राजीनाम्यानंतर उरलेला अर्धा कार्यकाळ भरून काढला होता, मग एक पूर्ण. सगळ्यांना तेच हवे होते. कार्यकारी मंडळाचं म्हणणं पडलं की अर्धा कार्यकाळ मोजू नये, म्हणजे ते आणखी एकदा राहू शकतील. त्यांनी स्वतःही तसा विनंतीअर्ज दिला. निर्णय नियम समितीच्या प्रमुखाचा, म्हणजे साडभाऊंचा. तो अनुकूलच येणार असं धरून मंडळानं दुसऱ्या कोणाचे उमेदवारी अर्जही मागवले नाहीत.

पण परिशिष्टात एक ओळ होती. कार्यकाळाचा कोणताही भाग हा पूर्ण कार्यकाळ धरला जाईल. ती ओळ साडभाऊंशिवाय कोणाला माहीत नव्हती.

त्यांनी आधी मंडळाला लिहिलं की या प्रकरणी माझे दोन हितसंबंध आहेत. अर्जदार माझा मित्र आहे, आणि त्यांची खुर्ची रिकामी झाली तर उपाध्यक्ष म्हणून ती माझ्याकडे येते. तेव्हा निर्णय दुसऱ्याकडे द्यावा. उत्तर आलं की घटनेत तशी सोय नाही आणि आमचा तुमच्यावर विश्वास आहे.

त्या रविवारी फोन वाजला आणि साडभाऊंनी तो उचलला नाही. बुधवारी पुन्हा वाजला. ताईनं फोन हातात धरून त्यांच्यापुढे नेला. हे सगळं तिनंच मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "अहो, एकटा माणूस हाये तो. काऊन उचलून नाई राह्यले?" ते म्हणाले, "घटनेत कलम हाये. ज्याचा अर्ज आपल्यापुढं, त्याच्याशी निकालाआधी बोलता येत नाई." फोन तिच्या हातात वाजून वाजून थांबला.

बैठकीच्या दिवशी ते दुपारीच माझ्याकडे आले. मी माझ्या परीनं अनुभवाचं शहाणपण सांगितलं. म्हटलं, शेरा मारा, आणखी माहिती मागवा, कायदेशीर मत मागवा, सहा महिने सहज निघतात. तोवर काही ना काही घडतं. त्यांनी बुटाची नाडी बांधता बांधता वर पाहिलं.

"सहा महिने मी त्याले खोट्या आशेवर ठेवू काय?" ते म्हणाले. "तुमच्या कचेरीत चालते ते. दोस्ताशी नाई चालत."

निर्णय अर्ध्या पानाचा होता. त्यांनी तो एका आवाजात वाचला. माझं इंग्रजी बेताचं, पण नंतरची शांतता समजायला इंग्रजी लागत नव्हतं. पडद्यावर लहान लहान चौकोनांत पंधरा-वीस माणसं स्तब्ध बसली होती. पोर्तुगालच्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. निर्णय योग्य आहे आणि मी समितीचा आभारी आहे, असं एक वाक्य बोलले आणि त्यांचा चौकोन काळा झाला. साडभाऊ बैठक रीतसर संपेपर्यंत ताठ बसून होते. मग त्यांनी कोट काढला. तो पाठीवर चिंब झाला होता.

मुदत संपताच खुर्ची रिकामी झाली, दुसरा उमेदवार नव्हता, आणि घटनेप्रमाणे निवडणूक होईपर्यंत उपाध्यक्षानं कारभार पाहायचा होता. त्यांना तो नको होता. पण राजीनामा दिला तर निवडणूक घ्यायलाच कोणी उरत नव्हतं. एका सभासदानं सर्वांना पत्र पाठवून विचारलं की या निर्णयाचा फायदा कोणाला झाला. साडभाऊंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि इतिवृत्ताला जोडून ठेवायला कचेरीला कळवलं. त्या महिन्यात त्यांचं जेवण तुटलं, असं ताई म्हणते.

गावाला यातलं काही माहीत नव्हतं. गावाला एवढंच कळलं की आपला माणूस जगाचा अध्यक्ष झाला. बसथांब्यावर त्यांच्या फोटोचा मोठा फलक लागला. साडभाऊ तो पाहून थेट पेंटरकडे गेले आणि 'प्रभारी' शब्द घालायला लावला. पेंटरनं कोपऱ्यात बारीक अक्षरांत घातला. ते पुन्हा गेले. शेवटी 'प्रभारी' हा शब्द 'अध्यक्ष'पेक्षा मोठा झाला आणि गावात काही लोकांची समजूत झाली की प्रभारी हे अध्यक्षाहून वरचं पद असावं. सत्काराच्या वेळी सरपंचानं तसं भाषणही केलं. एरवी साडभाऊ लगेच चूक दुरुस्त करायला उठले असते. त्या दिवशी ते शाल मांडीवर घेऊन नुसते समोर पाहत राहिले.

सहा महिन्यांत त्यांनी निवडणूक घेतली. तुम्हीच उभे राहा, असा काही सभासदांनी आग्रह केला. त्यांनी अर्ज भरला नाही. व्हिएतनामच्या एक बाई निवडून आल्या. सूत्रं देताना त्यांनी ते परिशिष्ट स्वतः वाचून दाखवलं, म्हणजे पुढे कोणाची अडचण होऊ नये.

पोर्तुगालला ते दर महिन्याला पत्र लिहीत. रविवारी दुपारी स्वतः फोन लावत. पलीकडे घंटी वाजत राहायची. उत्तर आलं नाही. राग होता की दुःख, की नुसतं म्हातारपण, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

पुढल्या दिवाळीनंतर अकादमीच्या कचेरीतून ईमेल आली. माजी अध्यक्षांचं निधन झालं होतं. त्यांना सर्वांत जवळून तुम्ही ओळखत होता, तेव्हा शोकप्रस्तावाचा मसुदा आपण करून द्यावा, अशी विनंती होती. साडभाऊ एसटीनं सेलूला आले. सूट नव्हता, साधा सदरा होता. दुपारभर माझ्या टेबलाशी बसले. ज्या माणसानं शेकडो ठराव लिहिले, त्याच्यापुढचा कागद तीन वाजेपर्यंत कोरा होता. मग त्यांनी काहीतरी लिहिलं आणि तपासायला माझ्याकडे दिलं.

पहिली वाक्यं ठरलेली होती. ही सभा शोक व्यक्त करते, वगैरे. त्याखाली लिहिलं होतं, त्यांनी मला दोनदा फोन केला होता, मी तो उचलला नाही.

मी जुना कारकून. मला राहवलं नाही. म्हटलं, ठरावात 'मी' येत नाही.

"माहीत हाये," ते म्हणाले. त्यांनी कागद माझ्या हातून घेतला. "त्या कलमात फोन उचलू नये असं कुठंच लेहलं नाई. अर्जावर बोलू नये, एवढंच हाये. तब्येत कशी हाये, जेवले काय, हे विचारायले कुठं मनाई होती? तो अर्थ माह्याच मनचा."

त्यांनी ते वाक्य एका सरळ रेघेनं खोडलं, बाकीचा ठराव नियमात बसवला आणि पाठवून दिला. चहा घेतला आणि पाचच्या गाडीनं हिंगणीला गेले.

आता ते कुठल्याच समितीवर नाहीत. सकाळी बरडावर जातात, दुपारी घरी असतात. फोनच्या बाबतीत मात्र बदल झाला आहे, ताई सांगते. पहिल्याच घंटीला उचलतात, मग हातात भिंग असो की घास. नागपूरजवळ प्लॉट विकणाऱ्या कंपन्यांच्या पोरी दिवसातून दोन-तीनदा फोन करतात. साडभाऊ त्यांचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतात, नाही म्हणतात, आणि फोन ठेवण्याआधी विचारतात, "जेवली काय बाई तू?"